नंबर प्लेट हलवण्याआधी

पेरणीच्या आधी मोटरसायकलचं काम उरकून घ्यायचं, असं आमच्याकडं परभणी-जिंतूर भागात दरवर्षी ठरतं. मागचं लोंबतं मडगार्ड काढून नंबर प्लेट सीटखाली आखूड पट्टीवर घ्यायची आणि बारके इंडिकेटर लावायचे, ही हौस त्यात आलीच. गाडी देखणी दिसते, खरंय. पण पाना हातात घेण्याआधी मागं कोण बसतं ते आठवा.

माझ्या मागं आई बसते, दोन्ही पाय डावीकडं घेऊन. साडी गार्ड काढलेल्या गाडीवर एकदा तिला बाजाराला नेलं. वेस ओलांडली नाही तोच पाठीवर थाप पडली, "थांब रे, थांब!" उतरून पाहिलं तर पदराचा काठ ग्रीसनं काळा झालेला आणि सुटलेला दोरा चाकाच्या हबभोवती घट्ट गुंडाळलेला. मी तो ब्लेडनं कापून काढला. गाडी हळू होती म्हणून तेवढ्यावर भागलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे: मागच्या माणसाला धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं गार्ड हवंच. तेव्हा यादीत पहिलं लिहा, साडी गार्ड राहणार.

आता पट्टी. विकत घेताना टायरच्या वर आतला फ्लॅप असलेलीच घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात चिखलाची धार मागच्याच्या पाठीवर आणि टेललाइटवर जाते. मात्र फ्लॅप टायरला खेटूनही नको. आपली काळी माती ओली झाली की मेणासारखी चिकटते, फटीत भरते आणि चाक जागेवर जाम करते. बसवून झाल्यावर दोन जाड माणसांना सीटवर बसवून गाडी जोरात दाबायला सांगा आणि खाली वाकून बघा. शॉकअप पूर्ण बसल्यावरही टायर आणि प्लेट यांच्यात चार बोटं जागा राहिली पाहिजे.

प्लेट सोडवताना घाई नको. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, आता जुन्यांनाही ती सक्तीची झाली आहे. तिचं लॉक एकदाच बसतं, तोडलं की परत लागत नाही आणि नव्या प्लेटसाठी अर्ज करावा लागतो. म्हणून लॉकला हात न लावता प्लेट तिच्या होल्डरसकट काढता येते का ते आधी पाहा, आणि नवी पट्टी तो होल्डर घेणारीच निवडा. प्लेट सरळ मागं तोंड करून, उघडी आणि वाचता येईल अशीच हवी. चाकाच्या बाजूला लावलेली किंवा वर आकाशाकडं वळवलेली मला पटत नाही. धडक देऊन पळणाऱ्या गाडीचा नंबर वाचता आला नाही तर पडलेल्या माणसानं काय करायचं? प्लेटवर पांढरा दिवा आणि मागं लाल रिफ्लेक्टर, दोन्ही परत बसवायचे.

वायरिंगला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो घ्या. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि गरम करून आवळणारी नळी वापरा. मूळ इंडिकेटरचा बल्ब साधारण १० वॅटचा असतो. एलईडी लावला की भार कमी पडतो आणि इंडिकेटर भराभर लुकलुकतो, त्यासाठी एलईडीचा रिले, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, आधीच आणून ठेवा. नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्यानं सहज न सुटणारे.

कागदाचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीत नोंदलेल्या, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. मनाई असलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फटफट वाजणाऱ्या सायलेन्सरचा विचारच सोडा. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून. काढलेलं मूळ मडगार्ड भंगारात देऊ नका, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा.

काम झालं की अंधार पडल्यावर कुणाला तरी मागं उभं करून नंबर वाचायला लावा. मग पन्नासेक किलोमीटर खडबडीत रस्त्यानं फिरवून आणा आणि सगळे नट पुन्हा आवळा. आईला त्यानंतरच बसवा.