सॉल्सबरीला एका दिवसात जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

लंडनहून मित्रांबरोबर सॉल्सबरीचा प्लॅन ठरला की ग्रुपवर एकाचा तरी मेसेज येतोच, "सकाळी स्टोनहेंज करू, येताना कॅथेड्रल पटकन उरकू." आम्ही हेच केलं आणि तिथेच फसलो. स्टोनहेंज, म्हणजे ते हजारो वर्षं जुनं दगडांचं वर्तुळ, गावापासून पंधराएक किलोमीटर, जाणं-येणं-बघणं यात तीन-साडेतीन तास कुठे गेले कळलंच नाही आणि कॅथेड्रलला, म्हणजे इथल्या जुन्या भव्य चर्चला, पोचलो तेव्हा हातात जेमतेम तास. उलटं करा. आधी कॅथेड्रल, मग वेळ उरला तर दगड, फक्त तिथली शेवटची एंट्री बंद व्हायच्या दोन तास आधी असते.

तिकिटांचा घोळ तर विचारूच नका. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून ट्रेनने साधारण दीड तास, आम्ही पाच जण आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवरून फुल तिकीट काढलेलं! तीन ते नऊ जण सोबत असाल तर ग्रुपसेव्ह ही रेल्वेची ग्रुप सवलत बघा, ऑफ-पीकला (गर्दीची वेळ सोडून) एक तृतीयांश सूट मिळते, अट एवढीच की सगळ्यांनी एकत्र प्रवास करायचा. रविवारी जाणार असाल तर रुळांचं काम आहे का ते आदल्या रात्री चेक करा, नाहीतर अर्धा प्रवास बसने होतो.

आता कॅथेड्रलच्या आतलं. बहुतेक लोक १२३ मीटरच्या शिखराचा बाहेरून फोटो काढतात (ब्रिटनमधलं सगळ्यात उंच चर्चचं शिखर) आणि आत मान वर करून छत बघत फिरतात. तसं नका करू. मधोमध उभं राहून चार मोठे खांब नीट बघा, ते चक्क वाकलेत. मूळ इमारत १२२० ते १२५८ मधली, तिच्यावर नंतर टॉवर आणि शिखर चढवलं, म्हणजे साडेसहा हजार टनांच्या आसपास जादा वजन, आणि खाली पाया जेमतेम चार फूट! एकदा हे दिसलं की तिथून हलवत नाही.

कॅथेड्रलमधलं जुनं घड्याळ शोधताना आम्ही दहा मिनिटं तबकडी शोधत होतो. तबकडी नाहीच. १३८६ च्या आसपासचं ते यंत्र फक्त टोले द्यायला बनवलेलं, लोखंडी पिंजऱ्यासारखं दिसतं. मॅग्ना कार्टाचंही (इंग्लंडच्या राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणारी सनद) तसंच, जाडजूड ग्रंथ असेल असं वाटतं आणि असतं चामड्याचं एकच पान, मुंग्यांसारख्या बारीक लॅटिन अक्षरांचं. १२१५ च्या फक्त चार प्रती उरल्यात, त्यातली ही एक, त्यामुळे घाई करू नका.

आणि हो, मधल्या जलकुंडाला टेबल समजू नका. पाणी इतकं स्थिर की छताचं प्रतिबिंब काचेसारखं दिसतं, आमच्यातल्या एकाने त्यावर बिनधास्त बॅग टेकवली. बॅगेत आमचे पराठे होते.

टॉवर टूर आधी ऑनलाइन बुक करा, ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही, ३३२ पायऱ्या आहेत आणि जिना अरुंद, गुडघे दुखणाऱ्याला भरीस पाडू नका. त्याला तोवर मंगळवारी किंवा शनिवारी भरणाऱ्या बाजारात सोडा. संध्याकाळची प्रार्थना फुकट ऐकता येते, पण वेळ त्या दिवशीची बघून जा, आम्ही पोचलो तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर स्टेशनवर बसून राहू नका, नदीपलीकडच्या कुरणातून हार्नहॅमकडे चालत जा, अख्खं शिखर तिथूनच फोटोत मावतं. हिवाळ्यात मात्र कुरणात पाणी चढतं, पांढरे शूज घरी ठेवा.