बायबलमधले गुप्त कोड आणि देवाचा स्वभाव: वाद घालायचाच तर असा घाला

कोणी बायबलमधल्या गुप्त कोडबद्दल बोलायला लागलं की सगळ्यात आधी एवढंच विचारा, तू नक्की कुठल्या कोडबद्दल बोलतोयस? कारण या एका नावाखाली दोन पार वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या वेगळ्या केल्या नाहीत तर रात्रभर भांडलात तरी हाती काही लागत नाही.

पहिली म्हणजे ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलणं. हिब्रू मजकुरातल्या मोकळ्या जागा काढायच्या, मग दर पन्नासावं नाहीतर दर पाचशेवं अक्षर घेत जायचं आणि शब्द बनतो का बघायचं. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला असं पन्नासावं अक्षर धरत गेलं की 'तोरा' (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं हिब्रू नाव) हा शब्द निघतो, हे खरं आहे, नाकारू नका. १९९४ मध्ये विट्झटम, रिप्स आणि रोझेनबर्ग यांनी स्टॅटिस्टिकल सायन्स या जर्नलमध्ये पेपर छापला की उत्पत्तीत नामवंत रब्बींची (यहुदी धर्मगुरूंची) नावं आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा एकमेकांच्या जवळ सापडतात, मग १९९७ ला मायकेल ड्रॉस्निनचं 'द बायबल कोड' हे पुस्तक आलं आणि विषय सगळीकडे पोचला.

समोरचा हा पेपर पुढे करणारच. तेव्हा चिडायचं नाही, त्याच्यासोबत बसून हिशोब करायचा. उत्पत्तीत ७८,०६४ अक्षरं आहेत, हिब्रू वर्णमाला २२ अक्षरांची, म्हणजे चार अक्षरी शब्दाच्या शक्यता २,३४,२५६. आता प्रत्येक अक्षरापासून सुरू करून १ ते १००० पर्यंतच्या सगळ्या उड्या (म्हणजे दोन अक्षरांमधली अंतरं) मारून बघितल्या तर साडेसात कोटींच्या वर प्रयत्न होतात, म्हणजे कुठलाही चार अक्षरी शब्द निव्वळ योगायोगाने सव्वातीनशेच्या आसपास वेळा मिळणार, आणि उलट दिशेनेही वाचायचं म्हटलं तर दुप्पट. (सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात येत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा खालीवर होईल, पण मुद्दा तोच.) हे एकदा कागदावर मांडलं की यशयाच्या ५३ व्या अध्यायात 'येशूआ' (येशूचं हिब्रू नाव) सापडलं याचं वजन किती ते समोरच्याला आपोआप दिसतं, कारण हिब्रूत ते नाव चारच अक्षरांचं आहे.

तरी पटलं नाही तर गणितज्ञ ब्रेंडन मॅके यांचं काम सांगा. ड्रॉस्निन म्हणाले होते की मोबी डिकमध्ये एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश शोधून दाखवा, मग मी मानतो, आणि मॅके यांनी त्याच कादंबरीत इंदिरा गांधींपासून लिंकनपर्यंतच्या हत्या काढून दाखवल्या! १९९९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जर्नलमध्ये उत्तर छापलं, की रब्बींची कुठली नावं आणि उपाध्या यादीत घ्यायच्या यात इतकी मोकळीक आहे की यादी जरा बदलली तर वॉर अँड पीसच्या हिब्रू भाषांतरातही तसाच निकाल येतो. म्हणून वादाआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: शब्द कुठला, मजकूर कुठला, जास्तीत जास्त उडी केवढी. आणि हे शोधायच्या आधी, नंतर नाही. मजकुराचं तर फारच महत्त्वाचं, कारण जुन्या हस्तलिखितांत स्पेलिंगचे फरक आहेत आणि मधलं एक अक्षर जरी कमीजास्त झालं तरी लांब उडीचा शब्द मोडतो.

दुसरी गोष्ट, जी मला खरोखर सुंदर वाटते, म्हणजे लेखकांनी स्वतः घातलेले कोड. यिर्मया २५:२६ मध्ये 'शेशख' नावाचा राजा येतो, ते बाबेलचंच नाव आहे, वर्णमालेतलं पहिलं अक्षर शेवटच्याशी, दुसरं शेवटून दुसऱ्याशी असं बदलून लिहिलेलं. आणि ५१:४१ मध्ये शेशख आणि बाबेल एकाच वचनात शेजारी ठेवलेत, म्हणजे किल्ली मजकुरातच दिलीय. स्तोत्र ११९ वर्णमालेच्या क्रमाने, २२ अक्षरं गुणिले ८, बरोब्बर १७६ वचनं. प्रकटीकरण १३:१८ तर उघड सांगतं की श्वापदाची संख्या मोजा, ६६६, आणि 'नेरोन कैसर' (रोमन सम्राट नेरोच्या नावाचं ग्रीक रूप) हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली (हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येची किंमत असते) तर तेवढीच येते, काही जुन्या प्रतींत मात्र ६१६ आहे. इथे वाद घाला, मजा येईल.

आता देवाचा स्वभाव. इथे मी ठाम आहे, देव कसा आहे हे उड्या मारून काढलेल्या अक्षरांवरून ठरवू देऊ नका, कारण त्याच अक्षरांतून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानणारा त्याच्या बाजूचं काढेल आणि न मानणारा त्याच्या बाजूचं. उघड लिहिलेलंच इतकं खोल आहे की ते पुरतं. १ शमुवेल १५ घ्या आणि अख्खा अध्याय मोठ्याने वाचा. ११ व्या वचनात देव स्वतः म्हणतो की शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होतोय. मग शौल संदेष्टा शमुवेल याच्या झग्याचा काठ धरतो, तो फाटतो, आणि २९ मध्ये शमुवेल सांगतो की देव पस्तावत नाही, तो काय माणूस आहे? आणि ३५ मध्ये कथा सांगणारा परत म्हणतो की परमेश्वराला पस्तावा झाला. एकाच अध्यायात तिन्ही! लिहिणाऱ्याला हे दिसलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही. एक बाजू म्हणते देव बदलत नाही, पस्तावा ही माणसाला कळावी म्हणून वापरलेली भाषा, दुसरी म्हणते देव माणसाला खरोखर प्रतिसाद देतो, त्यालाही लागतं. तुमची बाजू कुठलीही असो, जे वचन तुम्हाला अडचणीचं आहे ते तुम्हीच आधी वाचून दाखवा, समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

त्रैक्यावर बोलताना योहान १०:३० ('मी आणि पिता एक आहोत') सांगितलंत तर १४:२८ पण सांगा, 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे'. इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेत, ख्रिस्त पित्यासारखाच देव आहे का या वादातही दोन्ही बाजू शास्त्रातूनच बोलत होत्या, म्हणून 'बायबल वाच' एवढ्याने कोणाचं तोंड बंद होत नाही. आणि १ योहान ५:७ मधला 'पिता, शब्द आणि पवित्र आत्मा' हा जादा भाग पुरावा म्हणून वापरू नका, जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तो नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने तो १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत गाळला होता, १५२२ ला घातला.

एखाद्याची श्रद्धाच कोडमुळे जागी झालेली असेल तर आकडे जरा हळू काढा, आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. आणि पुढच्या बैठकीला निर्गम ३३ ठेवा, ११ मध्ये परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलतो, २० मध्ये सांगतो की माझं मुख पाहून कोणी जिवंत राहणार नाही. बोलायला सुरुवात करायच्या आधी दोघांनी आपापलं मत कागदावर लिहून ठेवा.