स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा भरताना या चुका टाळा

पंपावरचा पोरगा पाईप हातात घेतो आणि विचारतो, "साहेब, चारही पस्तीस करू?" गाडी पोर्शे नाईन-इलेव्हन असेल तर त्याला तिथेच थांबवा. या गाडीचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसतं आणि साधारण 60 टक्के वजन मागच्या चाकांवर येतं. नाईन-इलेव्हनच्या आताच्या पिढीतल्या कॅरेरा एस मॉडेलला पुढे 245 मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत, मागे 305चे. त्यामुळे मागचं प्रेशर पुढच्यापेक्षा जास्त ठेवावं लागतं. चारही सारखे केले आणि वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन उचलला, तर गाडीची शेपूट बाहेर निघू शकते.

ही चूक जुनीच आहे. शेवरोलेने 1960 साली मागे इंजिन असलेली कॉर्व्हेअर काढली, तेव्हा पुढे 15 आणि मागे 26 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, पंपावरचे आकडे यातच असतात) सांगितलं होतं. एवढ्या फरकावर तिचा तोल सांभाळला जायचा. लोक मात्र सवयीने चारही चाकं सारखीच भरायचे.

तुमच्या गाडीचा आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये असतो. चाकाच्या साईझची ओळ नीट बघा. पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेलं 'कमाल 50' ही त्या टायरची मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे गरम टायरमधली हवा काढणं. मुंबईहून निघालात, खालापूरच्या फूड मॉलला थांबलात, पुढचं टायर 33 ऐवजी 38 दाखवतंय. हे अगदी बरोबर आहे, टायर तापला की प्रेशर चढणारच. पण काही जण घाबरून वॉल्व्ह दाबतात आणि पुन्हा 33 करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर 28-29वर आलेला असतो. मागच्या 30 प्रोफाइलच्या टायरची, म्हणजे ज्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या 30 टक्के असते त्याची, भिंत जेमतेम 9 सेंटिमीटरची. त्यात हवा कमी असेल तर ती सतत दुमडते आणि आतून तापत जाते, आणि खड्डा लागला की दणका थेट रिमला बसतो. मला हे फार काळजीचं वाटतं, कारण बाहेरून टायर ठणठणीत दिसतो.

म्हणून हवा बघायची ती घरून निघण्यापूर्वी, गाडी किमान तीन तास उभी असताना. आणि हवामानही लक्षात घ्या. पोर्शेचे आकडे 20 अंश तापमानासाठी आहेत. दर 10 अंशांमागे साधारण दीड पीएसआय फरक पडतो. मे महिन्यात पुण्यात भर दुपारी 38 अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटे चारेक पीएसआयने उतरते, तीही टायर कुठेही गळत नसताना. ऋतू बदलला की पुन्हा मोजा.

गेज स्वतःचं ठेवा. एकदा मी एकाच टायरला एकाच सकाळी दोन पंपांवरची गेज लावून पाहिली. एकाने 33 दाखवलं, दुसऱ्याने 36. तेव्हापासून डिजिटल गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच. भरा हवं तर, पण तापल्यावर त्याचंही प्रेशर चढतं आणि दर महिन्याचं मोजणं काही सुटत नाही.

ट्रॅकवर मात्र गणित उलटं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर काही लॅप्स मारल्या की प्रेशर इतकं चढतं की पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाडी थांबवायच्या जागी, येऊन गरम टायरमधूनच हवा काढावी लागते, चारही चाकांची वेगवेगळी. तिथे ते योग्यच आहे. पण संध्याकाळी टायर थंड झाले की ते स्टिकरच्या आकड्याच्या बऱ्याच खाली गेलेले असतात आणि बाहेर पडलं की समोर यमुना एक्स्प्रेसवे. नाईन-इलेव्हनमध्ये स्टेपनीऐवजी छोटा कॉम्प्रेसर मिळतो. तो पार्किंगमध्येच काढा, चारही टायर भरा, मग निघा.