आयव्हीएफचा तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट कसा वाचायचा

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे आयव्हीएफमध्ये शरीराबाहेर फलन होऊन तयार झालेले गर्भ लॅबमध्ये सांभाळते. तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन केला की जोडप्यांना एकच विचारायचं असतं: पेशी किती झाल्या? आठ ऐकून हायसं वाटतं, पाच ऐकून डोळ्यांत पाणी येतं. त्या आकड्यावर एवढा जीव टांगू नका.

आधी दिवस मोजा. स्त्रीबीज काढतात तो दिवस शून्य. फलनासाठी शुक्राणू दिल्यावर १६ ते १८ तासांनी आम्ही दोन केंद्रकं, एक बीजाचं आणि एक शुक्राणूचं, दिसतात का ते पाहतो; रिपोर्टवर ‘२पीएन’ असतं ते हेच. दुसऱ्या दिवशी साधारण चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ.

ही सुरुवातीची विभाजनं गर्भ बहुतांशी स्वतःच्या जीनवर करत नाही. आईच्या बीजात आधीच भरलेल्या आरएनए आणि प्रथिनांच्या शिदोरीवर ती होतात. १९८८ साली ब्रॉड, बोल्टन आणि मूर यांनी गर्भाच्या जीनचं काम अल्फा-अमॅनिटिन या मशरूमच्या विषानं बंद पाडून पाहिलं, तरी गर्भ चार ते आठ पेशींपर्यंत पोचले. तिथेच थांबले. पुढे २०२२ मध्ये अगदी एका पेशीच्या अवस्थेतही गर्भाच्या जीनचं थोडं काम चालू असल्याचं सापडलं, पण जीन मोठ्या प्रमाणावर जागे होतात ते चार-आठ पेशींच्या टप्प्यावरच. उंदरात हेच दोन पेशींवर घडतं.

म्हणून तिसऱ्या दिवसाचा आकडा मुख्यतः बीजाबद्दल सांगतो. गर्भाचे स्वतःचे जीन, त्यात वडिलांकडून आलेलेही, नीट चालू झाले का, याचा अंदाज चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. साधारण निम्मे गर्भ ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे आत पोकळी तयार होऊन फुगलेल्या पाचव्या दिवसाच्या अवस्थेपर्यंत, पोचत नाहीत. पाचव्या दिवशी ‘४एबी’ असं काही लिहिलं असेल तर अंक म्हणजे गर्भ किती फुगलाय, पहिलं अक्षर बाळ घडवणाऱ्या पेशींचं, दुसरं वार (प्लासेंटा) घडवणाऱ्या पेशींचं.

सगळे गर्भ आठ पेशींपर्यंत छान वाढून मग अडकले असतील, तर शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. बीजातला गुणसूत्रांचा दोषही कारण असू शकतो, पण चौकशी दोघांचीही व्हायला हवी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण घरी बोल बाईलाच लावला जातो. नवऱ्यानं हा प्रश्न स्वतः विचारावा.

आधीच्या सायकलचे, म्हणजे आयव्हीएफच्या आधीच्या प्रयत्नांचे, रिपोर्ट असतील तर शेजारी ठेवा आणि प्रत्येक गर्भ कोणत्या दिवशी थांबला ते एका कागदावर लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी तो कागद दाखवा.