तेल्या दिसण्याआधीच कागद तयार ठेवा

तेल्या म्हणजे डाळिंबाच्या पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग. डाळिंबाचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहार, धरायचं ठरलं की पानगळीच्याही आधी सातबारा काढा आणि त्यावरची पिकाची नोंद वाचा. माझ्या चुलत्यांची डाळिंबं पाच वर्षांची झाली, तरी उताऱ्यावर ज्वारीच होती. तेल्यानं फळं गेली त्या वर्षी त्यांचा अर्ज तिथंच अडला. म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरची पिकाची नोंद, बागेत उभं राहून स्वतः करा आणि फोटोत झाड नीट येऊ द्या. लागवडीचं वर्षही महत्त्वाचं, कारण डाळिंबाचा विमा दोन वर्षं पूर्ण झालेल्या बागेचाच निघतो.

शेतकरी ओळख क्रमांक आणि आधार जोडलेलं बँक खातं ही कामं सकाळच्या एका फेरीत होतात. सामाईक जमिनीच्या संमतीपत्राला मात्र वेळ लागतो. बहिणी पंचमीला माहेरी येईपर्यंत मृगाची मुदत निघून जाते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या लग्नसराईतच सह्या घ्या.

विम्याबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या. फळपीक विमा हवामानावर चालतो, तो तेल्याचे डाग मोजत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तरच भरपाई निघते. तरीही विमा भराच, कारण तेल्या वाढतो तो अशाच पावसात. मृगाची मुदत जुलैच्या मध्याला संपते, आंबियाची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी धरलेल्या बहाराची, जानेवारीच्या मध्याला. त्या वर्षीचा शासन निर्णय पाहून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आंबियाला गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल, तर गार पडल्यापासून 72 तासांत कळवावं लागतं.

आता बागेतलं. पान उजेडाकडे धरून बघा. डाग पाणी प्यायल्यासारखा तेलकट दिसला, फळावर काळपट डागातून चीर गेली, की फांदी कापण्याआधी फोटो काढा. एक जवळून, एक अख्ख्या झाडाचा, एक जमिनीचा गट ओळखू येईल असा. रोगट फळं बागेत ठेवणं म्हणजे शेजारच्या झाडाला रोग देणं, तेव्हा ती पुरावीच लागतात. पण आम्ही ती फोटोविना पुरली आणि तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. दाखवायला काय होतं? आपत्तीच्या मदतीत नुकसान किमान 33 टक्के असावं लागतं, म्हणून आता ओळीवार एकूण झाडं आणि बाधित झाडं वहीत लिहितो. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) अर्ज देताना पोच घ्या, तोंडी सांगणं कुठंच नोंदलं जात नाही.

झाड एकदम पिवळं पडून वाळत असेल तर तो तेल्या नव्हे. मर रोग असेल किंवा खोडाला बारीक छिद्रं पाडणारा खोडकिडा. तर्कावर औषध ओतू नका. मुळं, खोडाचा तुकडा आणि थोडी माती कागदात बांधून कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात न्या. तिथला लेखी अहवाल फाइलला लावा.

बाग काढावीच लागली, तर नव्या लागवडीसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं. पहिल्या वर्षी 80 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जगलेली लागतात. रोपं नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्या, पक्क्या बिलासह. तेल्या बहुतेक वेळा रोपाबरोबरच बागेत येतो.