वाईनच्या लॅबमध्ये या चुका टाळा, आधी ती आयोडीनची बाटली खिडकीतून उचला

दर सीझनला नवीन पोरं येतात आणि त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडते ती आयोडीनची चूक. फ्री एसओटू, म्हणजे वाईन खराब होऊ न देणारा मोकळा सल्फर डायऑक्साइड, बघायला रिपर टायट्रेशन करतो आपण, म्हणजे वाईनमध्ये थेंबथेंब आयोडीन टाकून किती मिली लागलं ते मोजतो, दोन मिनिटांत आकडा मिळतो, पण आयोडीन उजेडात आणि उष्णतेत कमजोर होतं आणि मग तेवढ्याच वाईनला जास्त मिली लागतं, म्हणजे एसओटू खोटा जास्त दिसतो. माझ्या पहिल्या नोकरीत असंच झालं, एप्रिलचं सोलापुरी ऊन, बाटली खिडकीत, बूच ढिलं. चेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या टाकीचं रीडिंग 34 पीपीएम, पीएच 3.4, म्हटलं पुरेसं आहे, काही घालायला नको. तीन आठवड्यांनी वाईन पिवळट तपकिरी आणि वास कापलेल्या सफरचंदासारखा. मग थायोसल्फेटनं आयोडीनची ताकद तपासली तर बाटलीवर 0.02 नॉर्मल आणि आत 0.012, म्हणजे खरा एसओटू जेमतेम 20 होता! ती टाकी अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून माझं आयोडीन तपकिरी बाटलीत, फ्रीजमध्ये, आणि दर सोमवारी तपासल्याशिवाय ब्युरेटमध्ये (टायट्रेशनच्या मापाच्या नळीत) जात नाही. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

रेड वाईनला तर रिपर मुळातच जास्त दाखवतं, कारण रंगाला धरून बसलेला एसओटूसुद्धा आयोडीन ओढून काढतं. तिथं मी एरेशन ऑक्सिडेशनच करतो, म्हणजे हवा सोडून एसओटू बाहेर काढून मोजतो, वेळ लागला तरी.

ॲसिडिटी काढताना आधी गॅस काढा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड पण ॲसिड म्हणून मोजला जातो. पीएचचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) द्रावणात ठेवा.

एबुलियोमीटरवर, म्हणजे उकळबिंदूवरून मोजणाऱ्या यंत्रावर, अल्कोहोल बघणाऱ्यांनो, रोज सकाळी आधी पाणी उकळून शून्य लावा. सोलापूर साधारण 450 मीटर उंचावर आहे, पाणी इथं 98.5 च्या आसपास उकळतं, हवेचा दाब बदलला की तेही हलतं. 100 धरून चाललात तर आकडा चुकणारच. आणि गोड वाईन सरळ टाकू नका, साखरेनं उकळबिंदू वाढतो, अल्कोहोल कमी दिसतं, आधी डिस्टिल करा.

एफटीआयआर मशीन इन्फ्रारेड किरणांनी अर्ध्या मिनिटात सगळं सांगतं म्हणून हातानं टायट्रेशन शिकायचंच नाही असं म्हणणारी पोरं मला पटत नाहीत. कॅलिब्रेशन दुसरीकडच्या वाईनवर झालेलं असतं, आपली द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उन्हात पिकलेली. आठवड्याला दोन सॅम्पल हातानं काढून मशीनशी ताडून बघा आणि फरक वहीत लिहा, पेनानं.