सेल लाइन आणि अँटीबॉडी: या चुका टाळा

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायच्या चाचणीत, नको तिथे बँड (पट्टा) उमटला की आपण आधी बफरला शिव्या घालतो, मग ट्रान्सफरला, मग ज्याने ब्लॉट केला त्याला. फ्लास्कमधल्या पेशी (सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) आणि अँटीबॉडीची (ठराविक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूची) बाटली मात्र संशयातून सुटतात. खरं तर चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी.

शेजारच्या लॅबमधून "ही घे, एमसीएफ-७" (स्तनाच्या कर्करोगाची एक सेल लाइन) म्हणून मिळालेली व्हायल, म्हणजे पेशींची कुपी, थेट प्रयोगाला लावणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. हेला पेशी १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात, की त्यांचा एखादा थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तर हळूहळू मूळच्या पेशींचा मागमूसही राहत नाही. १९६६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या १८ लाइन्समध्ये हेलाच्याच खुणा दाखवल्या, तेव्हा अनेकांना ते पचलं नाही. एमडीए-एमबी-४३५ या लाइनचं तर हसावं की रडावं कळत नाही: वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली, निघाली एम१४ ही मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) लाइन.

तेव्हा व्हायल आली की आधी एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींची डीएनए-ओळख, करून घ्या. मूळ प्रोफाइलशी जुळणी ८० टक्क्यांच्या खाली असेल तर काम तिथेच थांबवा. उसनवारीपेक्षा पुण्याच्या एनसीसीएससारख्या रिपॉझिटरीतून (पेशी जपून ठेवणाऱ्या संस्थेतून) मागवलेलं बरं. हुडमध्ये (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटात) एका वेळी एकच लाइन, आणि प्रत्येकीची मीडियाची, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाची, बाटली वेगळी. कितीही घाई असली तरी.

पेशींना लागण करणारा मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू दुसरा छुपा रुस्तम. मीडिया गढूळ होत नाही, रंगही फारसा बदलत नाही. पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. माझ्या पेशी एकदा मंद वाढू लागल्या तेव्हा मी सीरमच्या बॅचला दोष देत तीन महिने घालवले. शेवटी होक्स्ट या डीएनए रंगवणाऱ्या रंगाने रंगवून पाहिलं, तर निळ्या केंद्रकांभोवती बारीक ठिपके, रांगोळीची चिमूट सांडावी तसे. सगळे फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये गेले. तेव्हापासून दर महिन्याला मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर चाचणी, आणि नव्या व्हायलला क्वारंटाइन.

आता अँटीबॉडी. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी हायब्रिडोमाचं (अँटीबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडण्याचं) तंत्र दिलं आणि एकाच क्लोनची अँटीबॉडी हवी तितकी बनवता येऊ लागली. पण अशी मोनोक्लोनल (एकाच क्लोनची) अँटीबॉडी म्हणजे एकाच प्रथिनाला चिकटणारी, हा समज चुकीचा. ती एका एपिटोपला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला, चिकटते, आणि तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनावर असला तर त्यालाही. २०१७ मध्ये ईआर-बीटा या इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवरच्या १३ अँटीबॉडी नीट पारखल्या गेल्या. त्यांतली एकच कामाची ठरली.

म्हणून कंट्रोल, म्हणजे ज्यांचा निकाल आधीच माहीत आहे अशा तुलनेच्या पेशी, वगळू नका. एचईआर२ या प्रथिनावर काम असेल तर एसके-बीआर-३ या लाइनमध्ये जोरदार सिग्नल हवा, एमडीए-एमबी-२३१ मध्ये जवळपास नाहीच. दोन्हीकडे सारखाच दिसला तर बाटली बाजूला ठेवा. नॉकआउट पेशी (ज्यांत त्या प्रथिनाचं जनुकच बंद केलेलं असतं) मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं, फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजायच्या तंत्रात) जिवंत पेशीवर ते घडी घातलेलं असतं. एकीकडे चाललेली अँटीबॉडी दुसरीकडे चालेलच असं नाही. वहीत कंपनीचं नाव पुरत नाही, क्लोन आणि लॉट (बॅच) नंबरही लिहा.

बाटली पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका, आल्या दिवशीच छोटे अ‍ॅलिकॉट (वेगळे भाग) करा. आणि जिवंत पेशींवर अँटीबॉडी घालण्याआधी बाटलीच्या माहितीपत्रकात सोडियम अझाइड (पेशींना विषारी असं जंतुरोधक) आहे का ते वाचा. नाही तर पेशी अझाइडने मरतात, आणि आपण मात्र अँटीबॉडीने कर्करोग मारला म्हणून पेढे वाटतो.